परतीचं भाडं

नानांच्या पेढीवर मी हिशेब लिहायला लागलो ते १९९१ साल. जूनमध्ये बी.कॉम.चा निकाल लागला आणि जुलैत मी नाशिकच्या रविवार पेठेतल्या त्या घाऊक किराणा दुकानात गादीवर जाऊन बसलो. साखर, गूळ, शेंगदाणे, डाळी असा माल. समोर गोण्यांच्या थप्प्या, डाव्या हाताला मोठा काटा, मागच्या भिंतीशी सागवानी कपाट. कपाटात कीर्द, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, आणि खतावण्या, म्हणजे खात्यांच्या वह्या. त्याच्या दाराला आतल्या बाजूनं एक पुठ्ठा खिळ्यांनी ठोकलेला होता. त्या पुठ्ठ्याबद्दलच लिहायचं आहे, पण तिथवर यायला जरा मागून यावं लागेल.

पहिल्याच आठवड्यात बिलं लिहिताना मी एक ओळ विसरलो. मालाची रक्कम, हमाली, तोलाई झाली की त्याखाली 'धर्मादाय' अशी एक ओळ असायची. गोणीमागे पंचवीस पैसे. मी ती लिहिली नाही म्हणून नानांनी अकरा बिलं परत लिहायला लावली. मला वाटलं, पंचवीस पैशांसाठी केवढा हा आटापिटा! गिऱ्हाईकाचे पंचवीस पैसे वाचले तर कुणाचं काय बिघडतं?

धर्मादाय हा शब्द आता लोकांना ऐकू येतो तो फक्त धर्मादाय आयुक्तांच्या नावात. पण बाजारपेठेत तो फार जुना आहे. सौदा झाला की त्यातला चिमूटभर हिस्सा पाणपोईला, पांजरापोळाला, अन्नछत्राला बाजूला काढायचा, ही व्यापाऱ्यांची रीत कायदे होण्याच्या कितीतरी आधीची. पुढे १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा झाला, त्यात कलम ५४ याच रिवाजावर आहे. व्यापाऱ्यानं बिलात धर्मादाय म्हणून जे घेतलं, त्याचा तो मालक नव्हे, विश्वस्त. वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत त्याचा हिशेब धर्मादाय कार्यालयाला द्यायचा. १९७९ साली बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही हेच मान्य केलं, की बिलात वेगळा घेतलेला धर्मादाय ही व्यापाऱ्याची कमाई नव्हे, त्यामुळे त्यावर आयकर नाही. हे सगळं मी नंतर, सी.ए.कडे जाऊन येऊन शिकलो. नाना सातवी शिकलेले. त्यांना कलम माहीत नव्हतं, पण त्यातला अर्थ मात्र पक्का ठाऊक होता. एकदा पेठ तालुक्याकडच्या एका दुकानदारानं काउंटरवर हात आपटून विचारलं, "शेठ, हे पैसे जातात कुठं?" नानांनी त्याच्या शब्दाला शब्द लावला नाही. खतावणी काढली, धर्मादायाचं पान उघडलं आणि वही त्याच्याकडे फिरवली. म्हणाले, "वाच. तुझे आहेत. वाच."

त्यानं वाचलं. पानभर वाचलं. त्यानंतर तो माणूस अनेक वर्षं आमच्याकडूनच माल नेत होता.

त्या पानावर एक गोष्ट होती, जी गिऱ्हाइकांना कळायची नाही, मला कळली. वर्षअखेरीला गिऱ्हाइकांकडून धर्मादायात जेवढे जमा झाले असतील तेवढेच नाना आपल्या नफ्यातून त्यात घालायचे. तेजी असो, मंदी असो. एका वर्षी गुळात मोठा फटका बसला, नफा म्हणावा असा नव्हताच. त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या खात्यातून उचल करून ती रक्कम भरली. मी विचारलं, यंदा नाही भरली तर? ते म्हणाले, "देणं आहे ना ते?" आमच्या धंद्यात देणं म्हणजे ज्याची तारीख चुकवायची नाही ते. मराठीत दान करण्यालाही देणं म्हणतात, पण नाना तो शब्द कायम व्यापाऱ्याच्या अर्थानंच वापरायचे. धर्मादाय खात्याची बाकी जमेच्या बाजूला, म्हणजे पेढी तेवढी कुणाची तरी देणेकरी. कुणाची, ते शोधून पोचवायचं काम राहिलेलं.

नाशिकमध्ये व्यापाऱ्यांनी दिलेलं चारी बाजूंना दिसतं. मी ज्या बी.वाय.के. कॉलेजात तीन वर्षं शिकलो, ती अक्षरं म्हणजे सिन्नरचे विडी कारखानदार भिकुसा यमासा क्षत्रिय, हे मला पदवी हातात आल्यावर कळलं. शेजारचं एच.पी.टी. १९२४ सालचं, तेही हंसराज प्रागजी ठाकरसी या व्यापाऱ्याच्या नावाचं. नाशिकरोडला मुक्तिधाम मंदिर पाहायला बाहेरगावची माणसं येतात. मकराण्याचा पांढरा संगमरवर, भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय. ते उभं केलं जयरामभाई चौहान-बिटको यांनी, ज्यांचं काळं दंतमंजन आमच्या आजीच्या मोरीत असायचं. आज रिक्षावाला 'बिटको, बिटको' ओरडतो तेव्हा चौकाचं नाव घेतो. आणि गोदाघाटावर गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. त्यांनी स्वतःला राहायला झोपडी बांधली नाही, लोकांसाठी मात्र गावोगाव धर्मशाळा उभारल्या. या सगळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. नाव कोरलेलं असलं की पुढच्या पिढीतल्या एखाद्याला तरी विचारावंसं वाटतं, हा कोण होता?

नानांचं नाव कुठेच नाही. ते मुद्दाम लपवायचे असं नव्हे. ते जे द्यायचे त्यावर नाव घालायला जागाच नसायची. एसटीच्या तिकिटावर कुणाचं नाव कोरणार?

हे कसं सुरू झालं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, गोदामात थप्पी मोजताना. त्यांच्या तरुणपणी हरसूलकडचा एक हमाल पेढीवर होता. एकदा तो तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा त्याच्या खांद्यावर मोठे वळ होते. गोणीचे वळ नानांना ओळखू यायचे, हे तसले नव्हते. खोदून विचारल्यावर कळलं, बापाला सिव्हिलमध्ये आणलं होतं, तो वारला. गाडीला पैसे नव्हते. भावानं आणि यानं काठीला झोळी बांधून बापाला घरी नेलं. "माझ्याकडे मागायचे होतेस," नाना म्हणाले. तो म्हणाला, "शेठ, तुम्ही झोपला असाल."

एवढं सांगून नाना पुन्हा गोण्या मोजायला लागले. मला आठवतं, त्यांचा आकडा चुकला होता आणि त्यांनी पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

त्यानंतर दर गुरुवारी सिव्हिल. त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयात सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबक असं सगळीकडून माणूस येतं. येताना कुणीतरी आणतं. गावातली जीप, हल्ली १०८ ची गाडी. उपचार फुकट किंवा नावाच्या पैशांत होतात. बाळंतिणीला घरी सोडायला आता सरकारी गाडी असते. पण पाय मोडलेला, अर्धांगवायू झालेला, विंचू चावलेला, टीबीचा, असा बाकीचा माणूस बरा झाला की त्याच्या हातात कागद देतात आणि म्हणतात, जा. तो जातो पायरीपर्यंत. नानांनी मला पहिल्यांदा नेलं तेव्हा एक बाप पोराला घेऊन पायरीवर बसला होता. पोराच्या मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. कागदावर तारीख सोमवारची, आम्ही गेलो गुरुवारी. तीन रात्री ते तिथेच होते. डिस्चार्ज झाल्यावर वॉर्डातलं जेवणही बंद होतं. बाप आमच्याकडे मागायला आला नाही, हे मी कधी विसरणार नाही. मागणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. नाना पायरीवर त्याच्या शेजारी बसले आणि विचारलं, "कोणती गाडी धरायची?"

हा प्रश्न ते कायम असाच विचारायचे. पैसे आहेत का, असं कधीच नाही. कोणती गाडी धरायची, कुठे उतरायचं, तिथून पुढे काय. माणूस गावाचं नाव सांगायचा आणि नाना मनात हिशेब करून पाकीट पुढे करायचे.

तो पुठ्ठा म्हणजे हा हिशेब. नानांच्या हस्ताक्षरात, पेन्सिलीनं, आकड्यांचे दोन रकाने. गावं: पेठ, करंजाळी, हरसूल, सुरगाणा, बोरगाव, अभोणा, ननाशी. पुढे एसटीचं भाडं. आणि त्याच्या पुढे, बारीक अक्षरात, खरी गोष्ट: फाट्यावर उतरल्यानंतर पाड्यापर्यंत जीपवाला काय घेतो. कारण माणूस तालुक्याच्या स्टँडवर पोचला म्हणजे घरी पोचला असं नाही. शेवटचे आठ-दहा किलोमीटर मोडलेल्या पायानं कुणाला चालता येत नाहीत. पाकिटात एसटी, जीप आणि वर एका वेळच्या खाण्याचे पैसे असायचे. सगळे सुटे, कारण कंडक्टर सुट्यांवरून कटकट करतो आणि गरीब माणूस त्यावेळी गाडीतून उतरून जातो. हे शेवटचं मला नानांनी सांगितलं तेव्हा मी थबकलो होतो. असलं कळायला तिथे किती गुरुवार उभं राहावं लागत असेल.

एसटीचं भाडं वाढलं की नाना पुठ्ठ्यावरचा आकडा खोडायचे आणि वर नवा लिहायचे. रबर वापरायचे नाहीत. हिशेबात खाडाखोड चालते, पुसापुशी नाही.

आता माझी चूक सांगतो. १९९६ ची दिवाळी तोंडावर होती. मुंबईच्या एका पार्टीला दिलेला चेक सोमवारी क्लिअरिंगला येणार आणि बँकेत अकरा हजार कमी. नाना लग्नासाठी गावाला गेलेले. धर्मादायाची रोकड वेगळ्या पेटीत असायची. मी तिच्यातले अकरा हजार काढून बँकेत भरले आणि शुक्रवारी वसुली आल्यावर जसेच्या तसे परत ठेवले. चिठ्ठीही ठेवली होती. चोरी नव्हतीच. शनिवारी नाना मेळ घालायला बसले आणि चिठ्ठी वाचली. आवाज चढवला नाही. "दरमहा शेकडा दीडनं चार दिवसांची कटमिती काढ," म्हणाले. मी ते व्याज काढलं. बावीस रुपये. त्यांनी ते स्वतःच्या घरखर्च खात्यात नावे टाकले, धर्मादायात जमा केले, आणि मग एवढंच विचारलं: "ज्यांचे होते त्यांना विचारलं होतंस?"

त्या आठवड्यातला गुरुवार मीच केला होता. पेटीत अडीचशे रुपये उरलेले, म्हणून मी आठ-नऊ माणसांनाच पाकिटं दिली आणि निघालो. पायरीवर आणखी कोण बसलं होतं ते मी पाहिलंच नाही. नानांना हे ठाऊक नव्हतं, मी सांगितलंही नाही. आज सांगतोय.

नानांचं सगळंच मला पटायचं असं मात्र नाही. माझ्या मुलीच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरताना मी त्यांच्यापुढे अडचण बोललो. त्यांनी त्याच दिवशी पैसे दिले, पण उचल म्हणून, आणि पगारातून महिन्याला पाचशे कापले, शेवटच्या रुपयापर्यंत. अनोळखी माणसाला पाकीट आणि इतकी वर्षं शेजारी बसणाऱ्याला उचल! बायको म्हणाली, त्यांनी तुमचा मान राखला. असेल. पण त्या काळात दर महिन्याला पगारपत्रकावर सही करताना माझा हात जड व्हायचा, आणि अजूनही तो दिवस आठवला की मला नानांशी भांडावंसं वाटतं.

पुरांचं नाशिककरांना नवल नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावर आपण गोदावरी मोजतो. पण २ ऑगस्ट २०१६ चा पूर वेगळा होता. सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल सगळं पाण्याखाली. दहीपुलाजवळ आमचं छोटं गोदाम होतं, त्यात साखर. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तर थप्पी जागेवर उभी दिसली आणि हात लावल्याबरोबर खाली बसली. गोण्या होत्या, साखर नव्हती. पायाखाली चिकट चिखल आणि भिंतींवर मुंग्यांच्या रांगा. नानांनी दोन गोण्या उचलून झटकल्या, ओलं तागाचं कापड हातात धरून जरा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "नदीकाठच्या वस्तीतली माणसं शाळेत नेलीत म्हणे. त्यांच्याकडे चूल नसेल." त्या दिवसाच्या कीर्दीचं पान माझ्याच अक्षरात आहे. वरच्या ओळीत साखर नुकसान, त्याच्या खालीच धर्मादाय नावे: चहापत्ती, दूध पावडर, बिस्किटं, ताडपत्री. साखर त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दुसऱ्या दुकानातून बिल करून आणली.

२०२० च्या एप्रिल-मेमध्ये मुंबई-आग्रा रस्त्यावरून माणसांची रांग चालली होती, कसारा घाट चढून उत्तरेकडे. १ मे रोजी नाशिकरोडहून भोपाळला श्रमिकांची पहिली गाडी सुटली, पण रस्त्यावरची रांग त्यानं थांबली नाही. नाशिककरांनी जीव ओतून जेवण दिलं. विल्होळीपासून आडगावपर्यंत जागोजागी खिचडी, पाणी, केळी. नानांचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे, घराबाहेर पडायला घरच्यांची सक्त मनाई. मी फोनवर सांगितलं, जेवण भरपूर आहे. त्यांनी विचारलं, "पायात काय आहे त्यांच्या?" मी मग खाली बघायला लागलो. चपलेचा अंगठा तुटलेला, तो विजेच्या वायरीनं बांधलेला. एकाच्या पायाला पाण्याच्या दोन चपट्या बाटल्या सुतळीनं आवळलेल्या. एका ओळखीच्या चपलवाल्यानं मागच्या दारानं गोदाम उघडलं. सात, आठ आणि नऊ नंबर आम्ही सगळे संपवले. नानांनी नंतर ओरडा केला तो एका गोष्टीसाठी, की पोरांच्या मापाच्या का नेल्या नाहीत.

२०२१ च्या दिवाळीपासून एसटीचा मोठा संप झाला. पुढच्या एप्रिलपर्यंत काही खरं नव्हतं. सुरगाण्याकडे जायला खासगी जीप, आणि ती मागेल ते द्यायचं. धर्मादायाची पेटी तेव्हा पहिल्यांदा पुरती रिकामी झाली आणि नानांनी सुनेला विचारून घरातली एक मुदतठेव मोडली. सुनेला विचारून, हे मुद्दाम लिहितो. कारण घरच्यांना अंधारात ठेवून केलेलं दान त्यांना मान्य नव्हतं. मग १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. मी बातमी वाचून दाखवली तेव्हा नाना पलंगावर होते, त्यांना दिसायचं कमी झालं होतं. ते म्हणाले, "म्हणजे आता सोबत बहीण आली असेल तर तिलाही जेवता येईल." आणि मला पुठ्ठ्यावर तिसरा रकाना आखायला सांगितला. तेवढा रकाना माझ्या अक्षरात आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात नाना गेले. शेवटच्या आठवड्यात बोलणं तुटक झालं होतं. माणसं ओळखायचे, नावं विसरायचे. मी गेलो की विचारायचे, "गुरुवार झाला?" एवढंच. अमरधामला व्यापारी होते, हमाल होते, आणि मागे उभी अशी काही माणसं होती ज्यांना घरातल्या कुणीच ओळखत नव्हतं. त्यातल्या एकानं मला विचारलं, शेठचं नाव काय होतं? तो लंगडत होता. कदाचित तो प्लास्टरवालाच असेल, कदाचित नसेलही. मी विचारलं नाही.

पेढी आता त्यांचा धाकटा बघतो. संगणकावर हिशेब. पहिल्याच महिन्यात त्यानं मला विचारलं, काका, हे धर्मादाय आपण खर्चात दाखवून एखाद्या नोंदणीकृत संस्थेला देऊ या ना, पावती मिळेल, ८० जी खाली आयकरात सूट मिळेल, हे पाकिटांचं कुठे दाखवायचं? त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. चांगल्या संस्था आहेत, त्यांना द्यायलाच हवं. मी फक्त संगणकावर ते खातं 'चालू देणी' खाली उघडून दाखवलं. तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. त्यानं ते तिथून हलवलं नाही. पुढच्या गुरुवारी म्हणाला, मी येतो.

२५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. कपाट उघडून मी पुठ्ठ्यासमोर उभा राहिलो. नानांच्या आकड्यांवर रेघ मारायची माझी छाती होईना. शेवटी धाकट्यानं माझ्या हातातून पेन्सिल घेतली, एकेक आकडा खोडला, वर नवा लिहिला. करंजाळीपाशी थांबला. "काका, इथून पुढे जीपला आता किती?"

मला माहीत नव्हतं. पुठ्ठ्यावर होता तो जुना आकडा; चालू आकडा नानांच्या डोक्यात असायचा.

गुरुवारी सिव्हिलच्या पायरीवर करंजाळीच्या पलीकडची एक आजी भेटली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली, डोळ्यावर हिरवी पट्टी. धाकटा तिच्या शेजारी बसला. कोणती गाडी धरायची, कुठे उतरायचं, पुढे जीप किती घेते. "तीस घेतो," ती म्हणाली, "पण बोचकं असलं तर चाळीस."

त्यानं खिशातून पेन्सिल काढली आणि तळहातावर चाळीस लिहिले.